व्हीलचेअर मागताना काय सांगायचं?

कुणी भांडी आवरून बसली असाल, कुणी शेंगा सोलत असाल, कुणी लेकराला मांडीवर थोपटत रेडिओ ऐकत असाल. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण बोलणार आहोत विमानप्रवासाबद्दल. त्यातही ज्यांना चालता येत नाही, किंवा फार चालवत नाही, त्यांच्या विमानप्रवासाबद्दल.

"अगं, इथं एसटी वेळेवर मिळेना आणि विमान कुठलं काढलंस?" असं कुणी म्हणेल. पण जरा आजूबाजूला बघा. कुणाचा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे आणि नातवाच्या बारशाला आजीला बोलावतोय. कुणाच्या मणक्याचं किंवा हृदयाचं ऑपरेशन चेन्नईला ठरलंय. कुणाच्या गटाला दिल्लीच्या सरस मेळ्यात स्टॉल मिळालाय. आपल्यासारख्याच काही लखपती दीदी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पाहुण्या म्हणून जाऊन आल्या. विमानतळही आता मुंबई-पुणे-नागपूरपुरते राहिलेले नाहीत. कोल्हापूर, शिर्डी, नाशिक, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथूनही विमानं उडतात. तेव्हा आज ना उद्या आपल्यातल्या कुणावर तरी ही वेळ येणार आहे.

आणि ती आली की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "आईला कशाला त्रास? तिला राहू दे घरी." वाक्य मायेचंच असतं. पण आई मात्र घरीच राहते.

गटातही हेच होतं. आमच्या प्रभागातल्या एका गटाच्या अध्यक्ष ताईंना लहानपणी पोलिओ झाला. त्या व्हीलचेअर वापरतात. गटाच्या लोणच्याचं प्रमाण त्यांच्या हातचं, आणि गटाचा हिशोब त्यांना तोंडपाठ. दिल्लीच्या प्रदर्शनासाठी गटातून दोघींना बोलावणं आलं. बैठकीत पाच मिनिटांत ठरलं की सचिव आणि आणखी एक जण जाईल, ताईंची उगाच गैरसोय नको. सगळ्यांनी माना हलवल्या. ताई एवढंच म्हणाल्या, "माझ्या गैरसोयीचं तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं का?" बैठक गप्प झाली. शेवटी ताईच गेल्या. रेल्वेत एक दिवस आणि एक रात्र शौचालयाची अडचण झाली असती, म्हणून पुण्याहून विमानाचं तिकीट काढलं आणि जादाचा खर्च गटाच्या नफ्यातून केला. त्या तयारीत जे जे समजलं, ते आज तुम्हाला सांगते.

ही मदत फुकट आहे आणि ती हक्काची आहे

विमान कंपन्यांनी कसं वागायचं याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. त्याला सगळे डीजीसीए म्हणतात. दिव्यांग प्रवासी आणि ज्यांची हालचाल कमी झाली आहे असे प्रवासी, या दोघांसाठी डीजीसीएचे वेगळे नियम आहेत. हालचाल कमी झालेले म्हणजे कोण? वयामुळे, आजारामुळे, पाय मोडल्यामुळे किंवा आणखी कशामुळे ज्यांना चालणं-चढणं जमत नाही ते सगळे. म्हणजे गुडघे धरलेली आपली सासूबाईसुद्धा त्यात आली.

नियम सांगतो की असा प्रवासी तिकीट घेऊन विमानतळावर आला की तिथल्या इमारतीपासून विमानातल्या आसनापर्यंत, आणि उतरल्यावर विमानापासून बाहेरच्या दरवाजापर्यंत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीची. त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. केवळ दिव्यांग आहे म्हणून कुणाला प्रवास नाकारायचा नाही.

हे नियम सहज जागेवर आलेले नाहीत. त्यासाठी माणसं लढली आहेत. कोलकात्याच्या जीजा घोष या दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या बाई. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर आणि बोलण्यावर परिणाम झालेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

२०२२ च्या मे महिन्यात रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. डीजीसीएने त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नियम आणखी पक्का केला. आता एखाद्या प्रवाशाची तब्येत विमानात बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर आधी डॉक्टरांनी त्या प्रवाशाला समोर तपासायचं आणि प्रवास करता येईल की नाही ते स्पष्ट सांगायचं. काउंटरवरच्या माणसाने नुसतं बघून ठरवायचं नाही.

अंतर, पायऱ्या, आसन

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण तिकीट काढताना एवढंच सांगतात, "व्हीलचेअर पाहिजे." तेवढं पुरत नाही. कारण व्हीलचेअर मागणाऱ्यांचे तीन प्रकार आहेत आणि तिघांची तयारी वेगळी असते. विमान कंपन्या या तीन प्रकारांना इंग्रजी अक्षरांची खूण लावतात. आपण ते तीन प्रश्न म्हणून लक्षात ठेवू. अंतर, पायऱ्या, आसन.

पहिला प्रश्न अंतराचा. लांब चालवत नाही, पण विमानाच्या पायऱ्या सावकाश चढता येतात आणि आत आपल्या जागेपर्यंत जाता येतं. गुडघेदुखीवाल्या बऱ्याच आज्या यात येतात. यांची खूण आर, म्हणजे रॅम्प.

दुसरा प्रश्न पायऱ्यांचा. पायऱ्या अजिबात चढता येत नाहीत, पण विमानाच्या आत धरून धरून दहा-बारा पावलं टाकता येतात. यांची खूण एस, म्हणजे स्टेप्स.

तिसरा प्रश्न आसनाचा. स्वतःच्या पायांनी एक पाऊलही टाकता येत नाही. थेट आसनापर्यंत खुर्चीवरून न्यावं लागतं आणि आसनावर बसवावं लागतं. यांची खूण सी, म्हणजे केबिन, विमानाचा आतला भाग.

या खुणा चुकल्या तर काय होतं? समजा, एखादीला पायऱ्या चढता येत नाहीत आणि तिच्या तिकिटावर आर लागलं. ती विमानाजवळ पोहोचते आणि समोर उभा जिना. मोठ्या विमानतळावर बऱ्याचदा इमारतीतून विमानाच्या दारापर्यंत बोगद्यासारखा पूल जोडलेला असतो, तिथे अडत नाही. पण लहान विमानतळांवर आणि पंख्यांच्या छोट्या विमानांना तो पूल नसतो. तिथे जिना किंवा उतार लावतात. जिना चढता न येणाऱ्यासाठी अॅम्ब्युलिफ्ट नावाची गाडी मागवावी लागते. तिच्यावर एक खोलीसारखा डबा असतो, तो खुर्चीसकट वर उचलला जातो आणि विमानाच्या दाराला लागतो. ती गाडी आयत्या वेळी मिळाली नाही, की मग "उचलून नेऊ का?" सुरू होतं. चार परके पुरुष बाईला उचलणार, पदर सावरायचा की जीव सावरायचा? म्हणून आपली खूण बरोबर लागली आहे ना, हे तिकीट काढतानाच बघायचं.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितलं आहे की दिव्यांग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उचलू नये. तेव्हा "थांबा, मला विचारल्याशिवाय हात लावू नका" असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

फोनवर काय बोलायचं

तिकीट मुलाने मोबाईलवर काढलं असो नाहीतर गावातल्या सेवा केंद्रात, मदतीची गरज त्याच वेळी नोंदवायची. राहून गेलं तर विमान सुटण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. उशीर झाला तरी कंपनीने जमेल तेवढी सोय करायची असते, पण आपण त्या भरवशावर राहू नये.

तिकिटावरच्या कंपनीच्या नंबरवर फोन करायचा आणि असं सांगायचं, "माझ्या आईला पायऱ्या चढता येत नाहीत. आत धरून दहा पावलं चालते. तिची स्वतःची घडीची व्हीलचेअर आहे, बॅटरीची नाही. आम्हाला दोन्ही विमानतळांवर मदत पाहिजे. तिच्या तिकिटावर कोणती खूण लावलीत ते सांगा." समोरचा इंग्रजी-हिंदी बोलला तर घाबरायचं नाही. मराठी-हिंदी मिसळून सांगा, पण तिन्ही गोष्टी सांगा. अंतर, पायऱ्या, आसन. मग नोंद झाल्याचा मेसेज मागून घ्या आणि तो पुसू नका. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगळं असेल तर दोन्हींवर नोंद करायला सांगा. मध्ये विमान बदलायचं असेल तर तेही सांगा.

आणखी दोन-तीन गोष्टी त्याच फोनवर विचारा. चालायच्या वाटेला लागून असलेलं आसन मागा, उठायला-बसायला सोपं पडतं. संकटकालीन दाराजवळची रांग अशा प्रवाशांना देत नाहीत, तो सुरक्षेचा नियम आहे, त्यावरून वाद घालू नका. स्वतःची व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर विनामूल्य नेता येतात, पण वजनाची मर्यादा किती हे विचारून ठेवा. बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हे आधीच सांगावं लागतं. लिथियमची काढता येणारी बॅटरी सहसा काढून हातातल्या सामानात न्यावी लागते.

डॉक्टरांचा दाखला लागतो का? नुसतं चालता येत नाही म्हणून लागत नाही. पण नुकतंच ऑपरेशन झालंय, ऑक्सिजन लागतो, स्ट्रेचरवर न्यायचंय किंवा तब्येत नाजूक आहे, तर कंपनी डॉक्टरांकडून एक फॉर्म भरून मागते. तो आधीच आणून भरा. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड असेल तर जवळ ठेवा, उपयोगी पडतं.

विमानतळावर एकेक टप्पा

ज्यांनी विमानतळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी क्रमाने सांगते. घरून नेहमीपेक्षा लवकर निघा. दाराशी पोलीस तिकीट आणि ओळखपत्र बघतात. तिथेच किंवा आत कंपनीच्या काउंटरवर सांगा की व्हीलचेअरची नोंद आहे.

काउंटरवर सामान जमा होतं आणि बोर्डिंग पास मिळतो. तिथे विचारतील, स्वतःची खुर्ची आत्ता देणार की विमानाच्या दारापर्यंत वापरणार? ज्यांना स्वतःच्या खुर्चीतच नीट बसता येतं त्यांनी दारापर्यंत वापरायचं सांगावं आणि उतरल्यावर ती दाराशीच पाहिजे असंही सांगावं. खुर्ची देण्याआधी मोबाईलवर तिचे चारही बाजूंनी फोटो काढा. उशी आणि सुटे होणारे पायटे काढून जवळ ठेवा. खुर्चीवर नाव आणि फोन नंबर चिकटवा.

मग सुरक्षा तपासणी. बायकांची तपासणी बाईच करते, पडद्याआड. उभं राहता येत नसेल तर "मला उभं राहता येत नाही, बसूनच तपासा" असं सांगा. कॅलिपर असेल, शरीरात सळई असेल, लघवीची पिशवी असेल तर तपासणी सुरू होण्याआधीच हळू आवाजात सांगा. कृत्रिम पाय काढायला लावू नये, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच म्हटलं आहे. कुबड्या मशिनमधून जात असतील तोवर बसायला खुर्ची मागा.

विमानात बसण्याआधी शौचालयाला जाऊन घ्या. विमानतळावर व्हीलचेअर आत जाईल अशी शौचालयं असतात. विमानातलं शौचालय मात्र फारच अरुंद असतं, आपली खुर्ची आत जात नाही. हवाई सुंदरी दारापर्यंत मदत करते, पण आतली मदत तिचं काम नाही. ज्यांना आतही मदत लागते त्यांनी सोबत घरची बाई न्यावी. पण अडचण नको म्हणून आदल्या दिवसापासून पाणी बंद करू नका. आपल्या बायकांची ही सवय एसटीपासूनची आहे आणि ती मूत्रमार्गाला महागात पडते.

व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी विमानात बसवतात. आत वाट अरुंद असते, म्हणून तिसऱ्या प्रकारच्या प्रवाशाला पातळ, छोट्या खुर्चीवर घेतात आणि पट्टे लावतात. तिथून आसनावर बसवताना मदतनीसाला तुम्ही सूचना द्या. कुठला खांदा दुखतो, हात कुठे धरायचा, साडी कुठे अडकते, हे तुम्हाला माहीत, त्यांना नाही. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस किंवा गाऊन-सलवार सोपी पडते, हे आमच्या ताईंचं मत.

उतरताना मात्र सगळ्यात शेवटी उतरवतात. बाकीचे धावतात म्हणून गडबडू नका. खुर्ची आली की मदतनीस तुम्हाला सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि मग बाहेर गाडीपर्यंत नेतो. तो मध्येच सोडून जात असेल तर जाऊ देऊ नका. त्याला पैसे द्यायची गरज नाही. कुणी मागितलेच तर नाव विचारून काउंटरवर सांगा.

विमानतळ सोडण्याआधी आपली खुर्ची तपासा. चाक वाकलं असेल, ब्रेक तुटला असेल तर तिथेच कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. घरी येऊन फोन केला तर नुकसान कुठे झालं हे सिद्ध करणं अवघड जातं.

गरज नसताना मागू नका, गरज असताना सोडू नका

एक गोष्ट आपल्याकडूनही व्हायला हवी. रांग टाळायला, किंवा विमानतळावर वाट सापडावी म्हणून, धडधाकट माणसंही व्हीलचेअर मागतात. खुर्च्या आणि माणसं मोजकी असतात. एकाने उगाच घेतली की दुसरा खरा गरजू ताटकळतो. वाट सापडत नसेल तर "मला रस्ता दाखवायला माणूस द्या" असं मागता येतं.

आणि गरज असेल तर संकोचाने सोडू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका ज्येष्ठ जोडप्याने दोघांसाठी व्हीलचेअर नोंदवली होती. विमानाजवळ एकच मिळाली. पत्नी खुर्चीत बसल्या आणि ८० वर्षांचे आजोबा त्यांच्यासोबत चालत निघाले. थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. बरंच अंतर चालल्यावर आजोबा कोसळले आणि वाचले नाहीत. डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. दंडाने माणूस परत येत नाही. म्हणून आपल्या म्हाताऱ्यांना बजावून सांगा, खुर्ची येईपर्यंत आसनावरून उठायचं नाही. कितीही वेळ लागो, कुणी कितीही घाई करो.

मदत मिळाली नाही, अपमान झाला, तर तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक लिहून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अॅपवर करता येते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडेही दाद मागता येते. तक्रार लिहायला आपल्या सीआरपी ताईची, ग्रामसंघाची मदत घ्या. कर्जाचे अर्ज लिहितो, तसाच हा एक अर्ज.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. आपल्या गटात आणि गटातल्या घरांत कुणाला चालायला-चढायला अडचण आहे, त्यांची यादी करा. प्रत्येकीजवळ जाऊन तीन प्रश्न विचारा. अंतर, पायऱ्या, आसन. उत्तरं एका कार्डावर लिहून तिच्याच पाकिटात ठेवा. विमानालाच नव्हे, रेल्वेला, दवाखान्यात, मतदान केंद्रावरही ते कार्ड कामाला येईल.

आणि गटाच्या इतिवृत्तात एक ओळ कायमची लिहा. कुणी कुठे जायचं किंवा नाही जायचं, हे तिला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. दिल्लीला गेलेल्या आमच्या ताईंनी त्या प्रदर्शनात सगळं लोणचं संपवलं, आणि येताना पुढच्या वर्षीच्या दोन ऑर्डरी घेऊन आल्या. त्या गेल्या नसत्या तर त्या ऑर्डरी आल्या नसत्या.

तुमच्या यादीत किती नावं आली, ते आपल्या रेडिओ केंद्राला फोन करून नक्की कळवा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.